चार आण्यांची उभी रेघ

बेरीज जुळत नव्हती. गावाच्या जुन्या दप्तरातलं, १९४१ च्या जमाखर्चाचं एक पान मी फोटोवरून वाचत होते. डावीकडे जमा, उजवीकडे खर्च, तळाशी लिहिणाऱ्याच्या हातची एकूण. मी तीनदा मांडून पाहिली आणि तिन्ही वेळा चार आणे कमी आले. 'मूळ बेरजेत चूक' असा शेरा घालून पुढे जाणार होते, तेवढ्यात गुरुजी म्हणाले, "सूनबाई, आधी वही काढा. ही माणसं अक्षरात घाई करायची, बेरजेत नाही."

वही काढली. 'कंदिलाचे तेल' या नोंदीसमोर रुपयांच्या आकड्याला लागून एक बारीक उभी रेघ होती. जुन्या हिशोबात अशी एक रेघ म्हणजे पाव रुपया, चार आणे. दोन रेघा म्हणजे आठ आणे आणि तीन म्हणजे बारा. शाई फिकी झाली होती, पण रेघ स्पष्ट दिसत होती. माझ्या फोटोत मात्र ती नव्हतीच. मोबाईलमधल्या स्कॅनिंगच्या ॲपने पान स्वच्छ करताना तिला डाग समजून पुसून टाकलं होतं.

तोपर्यंत त्याच पद्धतीने तीनशे चाळीस पानं झाली होती. पाच रविवार त्यात गेले होते. ती सगळी पानं पुन्हा काढली, आणि गावाचं दप्तर जपायचं म्हणजे नेमकं काय करायचं, हे मला खऱ्या अर्थाने त्या दिवसापासून कळायला लागलं.

मी तालुक्याच्या कॉलेजात ग्रंथपाल आहे. हे माझं सासरचं गाव, माणदेशातलं, पावसाची वाट बघत जगणारं. ग्रामपंचायतीच्या माळ्यावर एक लोखंडी पेटी आणि दोन लाकडी खोकी आहेत, हे लग्न होऊन आल्यापासून ऐकत होते. दीड वर्षापूर्वी कौलं बदलायला काढली, तेव्हा ती खाली आली. आत चौदा रुमाल आणि एकसष्ट वह्या. रुमाल म्हणजे खिशातला नव्हे. जुनी कागदपत्रं ज्या चौकोनी कापडात बांधून ठेवतात त्याला दप्तरखान्यात रुमालच म्हणतात. सरकारी अभिलेखकक्षात आजही वर्गवारीप्रमाणे वेगवेगळ्या रंगांच्या कापडांत गठ्ठे बांधतात: 'अ' वर्ग कायमचा, 'ब' तीस वर्षांचा, 'क' दहा वर्षांचा, 'ड' वर्षभराचा. आमच्या रुमालांना रंग उरला नव्हता. सगळे मातीच्या एकाच रंगाचे झाले होते.

वह्या किती जुन्या असतील याचा मला अंदाज नव्हता. पन्नास-साठ वर्षांमागच्या असतील असं वाटलं होतं. पहिली उघडली तर वर साल १९३९.

या सालाला आमच्याकडे मोठा अर्थ आहे. गाव तेव्हा औंध संस्थानात होतं. औंध म्हटलं की लोकांना बाळासाहेब पंतप्रतिनिधींचे सूर्यनमस्कार आणि डोंगरावरचं चित्रसंग्रहालय आठवतं. पण याच राजाने १९३८ च्या अखेरीस आपले अधिकार प्रजेला देऊन टाकायचं ठरवलं आणि २१ जानेवारी १९३९ ला संस्थानाची नवी घटना आली. त्यामागे त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत आणि मॉरिस फ्रीडमन हे पोलंडहून आलेले इंजिनिअर होते. आराखड्यात गांधीजींनी स्वतः लक्ष घातलं होतं. पाया गावाचा. गावाने पाच पंच निवडायचे, गावचा कारभार त्यांनी बघायचा आणि तंटे शक्यतो गावातच मिटवायचे. १९४८ मध्ये संस्थान विलीन झालं आणि तो प्रयोग तिथे थांबला. देश स्वतंत्र व्हायच्या आठ वर्षं आधी आमच्या गावच्या पंचांनी आपल्याला निवडून देणाऱ्या माणसांसमोर बसून ठराव केले होते, आणि त्या ठरावांची वही मी मांडीवर घेऊन बसले होते. माझे हात थरथरले, हे लिहायला मला संकोच वाटत नाही.

कामाला लागण्याआधी ग्रामसभेचा ठराव घेतला. हे दप्तर ना माझं, ना सरपंचांचं. सार्वजनिक अभिलेख आहे आणि त्यासाठी राज्याचा २००५ चा स्वतंत्र कायदा आहे. ठरावात दोन अटी आल्या. एक, मूळ कागद कार्यालयाच्या उंबऱ्याबाहेर जायचा नाही. दोन, काम चालू असताना पंचायतीचं कुणीतरी हजर पाहिजे. दुसऱ्या अटीमुळे आमचे वृद्ध माजी कोतवाल आबा दर रविवारी येऊन खुर्चीत बसायला लागले आणि कामाचा निम्मा जीव त्यांच्यामुळे टिकला. कुठल्या वहीला काय झालंय, हे त्यांना ठाऊक होतं.

पेटीतल्या कागदांनी मला पहिला धक्का दिला तो वयाचा. सगळ्यात जुने कागद सगळ्यात धडधाकट निघाले. वाड्यातून पंचायतीकडे आलेले काही मोडी कागद शंभर-सव्वाशे वर्षांचे आहेत. हातकागद, चिंध्यांच्या लगद्याचा. घडी उघडली की कापडासारखा मऊ पडतो. त्यावरची काजळाची शाई आजही काळीभोर आहे. काजळ म्हणजे निव्वळ कार्बन, उजेडाने ते उडत नाही. एका घडीतून वाळूचे कण सांडले. ओली अक्षरं टिपायला वाळू टाकायचे, ती तशीच घडीत राहिलेली. मी ते कण कागदाच्या पुडीत घालून त्याच कागदाशेजारी ठेवले.

उलट १९६० नंतरच्या वह्या! गिरणीचा लाकडी लगद्याचा कागद, त्यातच आम्ल. कडा तपकिरी, पान उलटताना कोपरा हातात येतो. त्या काळातल्या जांभळ्या कॉपिंग पेन्सिलीला ओल लागली की अक्षर पसरून ढग होतो. टाचण्या गंजून कागदाला भोकं पडलेली. आणि कुणीतरी चांगल्या मनाने फाटलेल्या पानांना पारदर्शक चिकटपट्टी लावलेली. ती पट्टी वाळून सुटली, पण तिचा पिवळा डिंक अक्षरांत कायमचा मुरला. म्हणून कळकळीने सांगते, जुन्या कागदाला चिकटपट्टी लावू नका आणि लॅमिनेशन तर मुळीच करू नका. ते पुन्हा काढता येत नाही, आणि आतला कागद आतच कुजत राहतो. आम्ही फक्त मऊ ब्रशने धूळ झाडली, गंजक्या टाचण्या सावकाश काढल्या आणि सुती कापड धुऊन, कडक वाळवून नवे रुमाल शिवले. वाळवीसाठी पेट्या भिंतीपासून वीतभर लांब आणि जमिनीपासून उंच ठेवल्या. बाकी दुरुस्ती जाणकाराच्या हाताची, आपण त्यात पडायचं नाही.

फोटोचं म्हणाल तर ॲपचा नाद सोडून साधा कॅमेरा घेतला. प्लायवूडचा उभा दांडा करून कॅमेरा त्यावर तोंड खाली करून बसवला. दोन्ही बाजूंनी पंचेचाळीस अंशांत दिवे, खाली काळं कापड, पानाशेजारी सेंटिमीटरची पट्टी. चोवीस मेगापिक्सेलचा कॅमेरा लांबीच्या बाजूला सहा हजार ठिपके देतो. फुलस्केप पान तेरा इंच लांब, म्हणजे कडेने मोकळी जागा सोडूनही इंचाला चारशेच्या आसपास ठिपके पडतात. तीनशे पुरतात, पण त्या उभ्या रेघेनंतर मला 'पुरतात' या शब्दावर भागवायचं नव्हतं. रंगीतच काढायचं, कारण लाल शाईतला शेरा तपासणीवाल्याचा आणि काळ्या शाईतला गावाचा. काळ्या-पांढऱ्यात दोन्ही एकसारखे होतात. पेन्सिलीची अक्षरं दिसत नसली तर एक दिवा विझवून दुसरा पानाच्या पातळीला आणायचा. तिरप्या उजेडात पेन्सिलीने पाडलेली चर वर येते. कोरं पानही सोडायचं नाही. उद्या कुणी विचारलं, मधलं पान फाडलं का, तर कोरं होतं हे दाखवता आलं पाहिजे.

मूळ फोटोला हात लावायचा नाही. उजळ करायचं, कातरायचं ते त्याच्या प्रतीवर. मूळ टिफ फाइल वेगळी, बघायची पीडीएफ वेगळी. एकूण तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर आणि त्यातली एक गावाबाहेर. प्रत्येक फाइलचा चेकसम (तिच्या मजकुरावरून यंत्राने काढलेला आकडा) यादीत लिहिलाय, म्हणजे पाच वर्षांनी एखादी फाइल आतून बिघडली तर आकडा जुळणार नाही आणि ते लगेच कळेल. पुतण्याने हे सगळं बसवून दिलं. दहावीतला मुलगा, पण कॅमेऱ्याचं बटण दाबण्याआधी प्रत्येक वेळी पान क्रमांक मोठ्याने वाचायचा. "काकू, एकशेबारा, मागची बाजू." ही शिस्त मी त्याला सांगितली नव्हती, त्याची त्यानेच लावून घेतली.

मात्र फोटो काढून झाले म्हणजे काम झालं असं जे सर्रास समजलं जातं, ते मला मान्य नाही. सूची नसलेले चार हजार फोटो म्हणजे नव्या कापडात बांधलेला आणखी एक रुमालच. तो सोडून शोधत बसायला पुन्हा कुणाला तरी आयुष्य घालवावं लागणार. हाताने लिहिलेली मराठी यंत्राला अजून नीट वाचता येत नाही आणि मोडी तर त्याहून नाही. म्हणून आम्ही वाचत गेलो आणि तक्त्यात उतरवत गेलो. सभेची तारीख, मासिक की ग्रामसभा, ठराव क्रमांक, विषय, जागा, माणसं. नाव मुळात जसं लिहिलंय तसं एका रकान्यात, आज आपण लिहितो तसं शेजारच्या. विहिरींची, वाटांची, शिवारांची नावंही तशीच. थोरली विहीर तीन पिढ्यांत तीन नावांनी आली आहे. ती एकच आहे हे आबांनी सांगितलं नसतं तर सूचीत तीन विहिरी झाल्या असत्या.

मोडी वाचायला आमचे निवृत्त गुरुजी होते. त्यांनी पुराभिलेख विभागाचा मोडी वर्ग साठी उलटल्यावर केला. मोडीत आधी पानभर शिरोरेघा ओढायच्या आणि त्यांच्याखाली हात न उचलता लिहीत जायचं. शब्द सुटे नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. वाक्य कुठे तोडायचं हे अर्थावरून ठरवावं लागतं. २०१४ मध्ये मोडीला युनिकोडमध्ये जागा मिळाली, त्यामुळे आता ती टंकता येते, पण आम्ही देवनागरीतच उतरवून घेतलं, गावातल्या कुणालाही वाचता यावं म्हणून. शंका असेल तिथे प्रश्नचिन्ह घातलं. अंदाजाने भरलेलं अक्षर पुढे खरं धरलं जातं, म्हणून गुरुजी अंदाज कधीच लिहू देत नाहीत.

वाचताना एका पानावर मी फार रेंगाळले. एप्रिल १९५७. त्या महिन्याच्या एक तारखेपासून देशात दशमान नाणी आली. रुपयाचे सोळा आणे, एकशे ब्याण्णव पै गेले आणि शंभर नवे पैसे आले. आमच्या जमाखर्चाच्या वहीला छापील रकाने तीन होते: रुपये, आणे, पै. लिहिणाऱ्याने तिसरा रकाना पट्टीने तिरपी रेघ मारून बंद केला, मधल्या रकान्यावर 'आणे' खोडून 'न.पै.' लिहिलं आणि समासात स्वतःसाठी कोष्टक मांडलं: १ आणा ६, २ आणे १२, ३ आणे १९, ४ आणे २५. तीन आण्यांचे पावणेएकोणीस होतात, म्हणून एकोणीस. खाली कोंडवाड्याचा दंड तीन आण्यांऐवजी एकोणीस नवे पैसे घेण्याचा ठराव आहे. सूचक, अनुमोदक, सर्वानुमते मंजूर. पुढचे दोन महिने त्याच्या हातून चुकून आणे पडतात, मग खोडून पैसे. दिल्लीने केलेला बदल या गावात एका माणसाच्या मनगटात कसा उतरला, ते त्या पानावर दिसतं.

डिसेंबर १९६७ चं पानही तसंच. ११ तारखेच्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला. त्या महिन्याच्या सभेत नेहमीचं 'मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे' झाल्यावर लगेच चावडीच्या भिंतीला गेलेल्या तड्यांचा विषय आहे. फक्त दोन ओळी. पण त्या महिन्यात दिवाबत्ती, घरपट्टी, रस्ता यांतलं काहीच नाही. १९७२ च्या वहीत तर वर्षभर पाणी हा एकच विषय आहे. विहीर खोल करणे, आड उपसणे, पुन्हा विहीर खोल करणे.

काही पानांनी त्रासही दिला. जुन्या नोंदींत माणसांचा उल्लेख ज्या शब्दांत होतो, ते आज वाचवत नाहीत. बायकांना तर बऱ्याचदा नावच नाही, 'अमक्याची विधवा' एवढंच. मूळ पानाचा फोटो जसाच्या तसा ठेवलाय, त्यात फेरफार करायचा अधिकार कुणालाच नाही. सूचीत मात्र आम्ही माणसाला माणसासारखं लिहिलं आणि ज्या बाईचं नाव दुसऱ्या कुठल्या नोंदीत सापडलं ते शोधून शेजारी घातलं. आतापर्यंत सव्वीस नावं मिळाली. माझ्या चुलत सासूबाईंच्या आजीचं नाव त्यांच्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं, ते १९४४ च्या घरपट्टीच्या यादीत निघालं.

सगळं उघड्यावर ठेवायचं नाही, हेही ग्रामसभेतच ठरलं. जन्म-मृत्यूच्या नोंदी आणि घराघरांतले तंटे कार्यालयातच राहतील. ज्याला गरज असेल त्याने अर्ज करावा. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि राज्यभर जुनी दप्तरं उघडली गेली, मोडी वाचणाऱ्यांना रात्रंदिवस काम लागलं. एका ओळीवर एखाद्या घराचं पुढचं शिक्षण अवलंबून असू शकतं, हे तेव्हा सगळ्यांनी पाहिलं. म्हणूनच ती ओळ मूळ कागदावर शाबूत पाहिजे. फोटो हा पुराव्याकडे जायचा रस्ता आहे, पुरावा कागदच.

आणि नव्या काळाचंही सांगायला हवं, कारण सगळ्यात मोठी फट तिथेच निघाली. सन २००० च्या पुढची काही वर्षं मालमत्तेची यादी, आपला नमुना ८, कॉम्प्युटरवर टंकला होता. फाइल सापडली, उघडली, तर सगळीकडे रोमन अक्षरांचा काला. युनिकोड नव्हे, त्या काळातल्या कुठल्याशा फॉन्टमध्ये टंकलेलं, आणि तो फॉन्ट आता कुठल्याच मशीनवर नाही. १९३९ ची वही मी चष्मा पुसून वाचली, आणि वीस वर्षांपूर्वीची फाइल वाचायला पुतण्याला तीन आठवडे लागले. तो फॉन्ट एका जुन्या सीडीवर मिळाला आणि अक्षरागणिक बदल करून घेतला. त्यातही रफार चुकीच्या अक्षरावर जाऊन बसले होते, ते हाताने दुरुस्त केले.

गेल्या महिन्यात दोन शेतकरी आले. वाटेचा वाद. सूचीत वाटेचं जुनं नाव घातलं आणि १९६३ चा ठराव निघाला: रुंदी किती, कुणाच्या बांधावरून, कुणाची हरकत नाही. खाली दोघांच्याही आजोबांच्या खुणा, एकाची सही, एकाचा अंगठा. दोघं बराच वेळ त्या पानाकडे बघत बसले. वाद तिथेच मिटला असं नाही, मोजणी व्हायची आहे. पण बोलणं खालच्या पट्टीत आलं.

आता एक वही उरली आहे. १९४६-४७ ची. ती हातात घेतल्यावर आबा म्हणाले, "सूनबाई, वढ्याला पूर आलता तवा चावडीत गुडघाभर पानी व्हतं. समद्या वह्या माळ्यावर टाकल्या, ही येक खाली ऱ्हायली. मग उन्हात वाळत घातली." ओला कागद उन्हात वाळवला की पानं एकमेकांना धरतात, सावलीत वाऱ्यावर वाळवायला हवा होता. पण तेव्हा त्यांनी जे सुचलं ते केलं आणि म्हणून वही निदान आहे. एकेका पानाखाली बांबूची पातळ पट्टी सरकवत आम्ही एकोणीस पानं सुटी केली. विसावं पान सुटताना त्यावरचं अक्षर एकोणिसाव्याला चिकटून यायला लागलं, तेव्हा गुरुजींनी माझा हात धरला.

उरलेली वही नव्या रुमालात बांधून पेटीत सगळ्यात वर ठेवली आहे. आत आबांनी सांगितलेली हकीकत लिहून ठेवली आणि वर चिठ्ठी: 'सन १९४६-४७. पाने चिकटलेली. जोर लावून उघडू नये.'